साडेतीन टनांच्या रेषेखाली

२०२५ च्या मार्चमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक मसुदा जाहीर केला. समोर अडथळा आहे आणि ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर गेला नाही, तर गाडीने स्वतः ब्रेक लावावा. लेन सुटली तर इशारा द्यावा. डोळे मिटायला लागले तर ड्रायव्हरला जागं करावं, अशा यंत्रणा बस आणि ट्रकना सक्तीच्या करण्याचा तो प्रस्ताव होता. तेव्हापासून नाशिकमध्ये आडगावच्या ट्रक टर्मिनलवर, दिंडोरी रोडच्या बाजार समितीत, चहाच्या टपरीवर यावरचा वाद मी ऐकतो आहे. एक बाजू म्हणते, आपल्या रस्त्यांवर हे चालायचं नाही. मोकाट गायी, खड्डे, उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर, गाडी पावलोपावली थांबेल. दुसरी बाजू म्हणते, परदेशात अपघात निम्म्यावर आले, आपल्याकडेही येतील. दोघंही तावातावाने बोलतात, आणि ज्या गाडीबद्दल सगळ्यात आधी बोलायला हवं तिचं नाव कुणी काढत नाही. मसुद्यात आठपेक्षा जास्त प्रवासी नेणारी वाहनं आहेत आणि मालासकट एकूण वजन साडेतीन टनांवर जाणारी मालवाहू वाहनं आहेत. दिंडोरीचे टोमॅटो, निफाडची द्राक्षं, गिरणाऱ्याची कोथिंबीर रातोरात वाशीला नेणारी पिकअप साडेतीन टनांच्या आत बसते. ती यादीतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वयंचलित ब्रेक सक्तीचा व्हायलाच हवा, आणि पिकअपला वगळून झालेली सक्ती नाशिक जिल्ह्यासाठी अर्धीमुर्धी आहे. हे मी इंजिनिअर म्हणून लिहीत नाही. दिंडोरी तालुक्यात माझी शेती आहे, दर हंगामात माझा माल याच गाड्यांतून जातो. त्या गाड्या कोणत्या घाईने आणि कोणत्या अवस्थेत धावतात, त्याला माझ्यासारखे शेतकरीही जबाबदार आहेत. म्हणून गप्प बसवत नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये वाशीला काम होतं, तेव्हा मालाबरोबरच पिकअपच्या केबिनमध्ये बसून गेलो. गाडीचं पासिंग, म्हणजे माल भरायची परवानगी, दीड टनाच्या आसपास. आम्ही भरली होती ११० कॅरेट. कॅरेटला वीस किलो धरले तरी बावीस क्विंटल होतात. हे आकडे मला तेव्हाही येत होते, तरी मी बोललो नाही, कारण दुसरी गाडी केली असती तर भाड्यात सगळा नफा गेला असता. ड्रायव्हर गावातलाच, चोविशीतला पोरगा. सलग तिसऱ्या रात्रीची त्याची तिसरी खेप. मानेवर ओला रुमाल, डॅशबोर्डवर पाण्याची बाटली आणि खिडकी उघडी. नाशिक सोडल्यावर तो म्हणाला, "काका, बोलत राहा. तुम्ही गप्प बसलात की माझा डोळा लागतो." घोटीच्या पुढे डाव्या लेनमध्ये एक दहा टायरी ट्रक टायर बदलत उभा होता. मागचे दिवे बंद, रेडियमवर चिखल, आणि मागे रस्त्यावर फक्त दोन दगड आणि झाडाची एक फांदी. त्या क्षणी मी काहीतरी सांगत होतो आणि तो माझ्याकडे बघून हसत होता. मग त्याने दोन्ही पाय दाबले. मागची कॅरेट केबिनच्या पाठीवर आदळली, गाडी तिरकी होत होत ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली. तो खाली उतरला, ताडपत्री उचलून रस्सी पुन्हा आवळली आणि काही न बोलता गाडीत येऊन बसला. कसारा उतरेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही, आणि त्या रात्री पहिल्यांदाच त्याला झोपेची भीती नव्हती.

त्या हातभर अंतराचा हिशेब मी नंतर मांडून पाहिला. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जागा माणूससुद्धा एक-दीड सेकंद घेतो, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी तीसेक मीटर गेलेली असते. नजर अर्धा सेकंद दुसरीकडे असेल तर आणखी अकरा मीटर. स्वयंचलित ब्रेकचं सगळं काम या अर्ध्या-एक सेकंदात आहे. गाडीच्या तोंडाशी बसवलेला रडार समोरच्या वस्तूचं अंतर आणि ती किती वेगाने जवळ येते आहे हे सतत मोजत राहतो, काचेमागचा कॅमेरा ती वस्तू काय आहे ते ओळखतो. धडक होणार असं दिसलं की आधी भोंगा वाजतो, तरीही पाय हलला नाही तर ब्रेक लागतो. गाडी पूर्ण थांबली नाही तरी ८० चा वेग ५० वर आला, तर धडकेतला जोर चाळीस टक्क्यांच्याही खाली येतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो आणि वर्गानेच उतरतो. केबिनमध्ये चिरडून मरणं आणि पाय मोडून घरी येणं यातला फरक बऱ्याचदा एवढाच असतो. आणि पिकअपमध्ये ड्रायव्हरचे गुडघे बंपरपासून किती लांब असतात, ते एकदा तिच्या समोर उभं राहून बघा.

हा अपवादात्मक प्रकारचा अपघात आहे का? केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. अपघातांच्या प्रकारांत मागून दिलेली धडक पहिल्या क्रमांकावर होती, दर पाचांत एकाहून थोडी जास्त. ज्या अपघातावर हे यंत्र सगळ्यात चांगलं चालतं, तोच आपल्याकडे सगळ्यात जास्त होतो.

आता अमेरिकेचा दाखला घेतो, कारण तो नेहमी चुकीच्या ठिकाणी दिला जातो. तिथे २०१६ मध्ये वीस वाहन कंपन्यांनी आपणहून कबूल केलं की २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत जवळजवळ प्रत्येक नव्या गाडीत स्वयंचलित ब्रेक देऊ. पण ही मुदत साधारण ३,८५० किलो एकूण वजनापर्यंतच्या गाड्यांसाठी होती. त्याहून जड, साडेचार टनांपर्यंतच्या मोठ्या पिकअपना २०२५ पर्यंत, म्हणजे तीन वर्षं जास्त दिली. लहान मोटारीला आधी आणि तिच्यावर चढू शकणाऱ्या गाडीला नंतर! तिथल्या विमा कंपन्यांच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने पुढे तपासलं, तेव्हा स्वयंचलित ब्रेक असलेल्या पिकअपच्या मागून धडक देण्याच्या घटना ४३ टक्क्यांनी कमी निघाल्या. याच संस्थेच्या २०२३ च्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की बॉनेट ४० इंचांहून उंच असलेल्या गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिली तर तो दगावण्याची शक्यता सखल गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. ज्या गाडीला यंत्राची गरज जास्त, तिलाच ते उशिरा मिळालं. तिथल्या सरकारने २०२४ मध्ये साडेचार टनांपर्यंतच्या सगळ्या गाड्यांना एकच नियम काढला आणि २०२९ च्या सप्टेंबरपर्यंतची मुदत दिली. युरोपीय संघाने तर मोटार आणि छोटी मालवाहू व्हॅन यांत भेदच केला नाही, जुलै २०२४ पासून दोन्ही नव्या घ्यायच्या तर स्वयंचलित ब्रेकसह.

आपल्याकडे साडेतीन टनांची रेषा मात्र पुन्हा पुन्हा त्याच माणसाच्या डोक्यावरून जाते. २०२३ मध्ये भारत एनकॅप ही सुरक्षा चाचणी आली, ती प्रवासी मोटारींसाठी. ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं, ते साडेतीन टनांवरच्या ट्रकसाठी. आता ब्रेक येतो आहे, तोही साडेतीन टनांवर. मोटारीच्या नियमात पिकअप बसत नाही कारण ती माल वाहते, ट्रकच्या नियमात बसत नाही कारण ती लहान आहे. रस्त्यावर मात्र ती त्याच मुंबई-आग्रा महामार्गावर, त्याच वेगात, त्याच कंटेनरच्या मागे असते. ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. विम्यात तर सरकारच वेगळी रेषा मानतं. थर्ड पार्टी विम्याच्या सरकारी दरपत्रकात साडेसात टनांपर्यंतच्या सगळ्या सार्वजनिक मालवाहू गाड्या एकाच गटात आहेत, २०२२ च्या दराने वर्षाला १६,०४९ रुपये. म्हणजे ही गाडी दुसऱ्याचं किती नुकसान करू शकते हे ठरवताना पिकअप आणि सात टनी ट्रक सारखे. मग ते नुकसान टाळायचं ठरवताना वेगळे कसे?

विरोधकांचे मुद्दे मी हलके मानत नाही. रस्त्यांचा मुद्दा खरा आहे. ज्यांच्या मोटारीत हा ब्रेक आहे असे माझ्या ओळखीचे दोघं-तिघं द्वारका चौकात आणि सिडकोच्या गल्ल्यांत तो बंद करून टाकतात, कारण दुचाकी आडवी आली की गाडी दचकते आणि मागचा रिक्षावाला येऊन आदळतो की काय अशी भीती वाटते. अमेरिकेतले ४३ टक्के इथे जसेच्या तसे उतरणार नाहीत हेही मान्य. तिथे ट्रकचे मागचे दिवे लागतात, लेन आखलेल्या असतात आणि रात्री हायवेवर बिनदिव्याची ट्रॉली नसते. पण या मुद्द्यातून निष्कर्ष काय निघतो? यंत्र आपल्या रस्त्यावर तपासून बसवा, हा. नको, हा नव्हे. पिकअपचा जीवघेणा अपघात रविवार कारंजावरच्या गर्दीत क्वचित होतो. तो होतो पिंपळगाव ते चांदवड, राहुड घाटाच्या अलीकडे-पलीकडे, सिन्नरच्या मोहदरी घाटात, घोटी-इगतपुरीच्या सरळ पट्ट्यात, आणि आता समृद्धीवर. मध्यरात्री ते पहाटे, समोर उभ्या किंवा रेंगाळणाऱ्या जड गाडीच्या मागच्या फळीवर. लोखंडाची ती भिंत रडारला अंधारातही दिसते, दिवे नसले तरी दिसते. माणसाला दिव्यांची गरज लागते, त्याला नाही. आपले रस्ते वाईट आहेत हे यंत्राविरुद्धचं कारण म्हणून सांगितलं जातं, पण वाईट रस्त्यावर चूक सावरायला जागाच कमी असते. मग सावरणारा दुसरा हात तिथे जास्त हवा की कमी?

जादा मालाचा मुद्दा मला जास्त टोचतो. ब्रेक कोणीही लावो, रडार लावो की माणूस, शेवटी काम टायर आणि ब्रेकचं आहे. दीड टनाच्या गाडीत अडीच टन कांदा, टायर गुळगुळीत, ब्रेकची लाइनर झिजलेली, तर यंत्राने वेळेवर ओळखूनही गाडी वेळेवर थांबणार नाही. कसारा घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणाऱ्याचे ब्रेक तापून गेले तर तेच. याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे की अर्धा सेकंद आधी लागलेला ब्रेक जादा मालाच्या गाडीचाही वेग काही ना काही उतरवतोच, आणि वजनकाट्यावरची तपासणी हा वेगळा, पण तितकाच तातडीचा लढा आहे. एक कमी पडतं म्हणून दुसरं सोडायचं नसतं. हेल्मेट घातलं म्हणून कोणी खड्डे बुजवू नका म्हणत नाही.

आणि एक गोष्ट यंत्राच्या आवाक्याबाहेरची आहे, ती नाशिककरांनी पाहिली आहे. २०२५ च्या जानेवारीत द्वारकाजवळच्या उड्डाणपुलावर निफाडकडून परतणारा, माणसांनी भरलेला टेम्पो लोखंडी सळया नेणाऱ्या ट्रकवर मागून आदळला. सळया बाहेर आलेल्या होत्या. जीव गेलेल्यांत बरीचशी तरुण पोरं होती. स्वयंचलित ब्रेक असता तर ती वाचली असती, असं म्हणणं बेजबाबदारपणाचं होईल. रडार ट्रकची फळी मोजतो, तिच्या पुढे आलेलं सळईचं टोक त्याला वेळेत कळेलच असं नाही. मालवाहू गाडीत माणसं बसवू नयेत, सळया बाहेर काढू नयेत, हे कायद्यात आधीपासून आहे. गाडीबाहेर माल काढण्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून वीस हजारांचा दंड आहे. तो दंड द्वारकाला किती जणांना बसताना पाहिला आहे? म्हणून दुसऱ्या बाजूच्या मित्रांना माझी विनंती आहे की यंत्र आलं की अपघात संपले असं सांगू नका. पहिला असा अपघात झाला की लोक यंत्रालाच खोटं ठरवतील.

"यंत्रावर विसंबून ड्रायव्हर आळशी होतील" हा मुद्दा मात्र मला पटत नाही, आणि तो का पटत नाही हे त्याच कसारा घाटात दिसतं. १८६५ पासून तिथून रेल्वे जाते. चढ सदतिसात एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर उतार. घाट बांधणाऱ्यांनी पहिल्यापासून गृहीत धरलं की कधी ना कधी एखादी गाडी सुटणार. ब्रेक निकामी होईल, ड्रायव्हर चुकेल, धुकं असेल. म्हणून उतारावर कॅच सायडिंग ठेवली. मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाऊन संपणारा तो रूळ. रूळ बदलणारा सांधा मुळातच त्या फाट्याकडे वळवलेला असतो. उतरणारी गाडी तिथे ताब्यात आहे, थांबू शकते हे दिसल्यावरच तिला मुख्य मार्ग मिळतो. सुटलेली गाडी आपोआप चढावर जाऊन थांबते. या व्यवस्थेने ड्रायव्हरचा अपमान झाला का? रेल्वेचे ड्रायव्हर आळशी झाले का? उलट त्यांच्याइतकी शिस्त आपल्या रस्त्यावर कुठेच नाही. माणूस चांगला असूनही चुकतो, आणि त्याच्या चुकीची शिक्षा पाचशे प्रवाशांना मिळू नये, एवढंच त्या फाट्यात गृहीत धरलं आहे. त्याच डोंगरातून शेजारीच जाणाऱ्या रस्त्यावर मात्र आपण दीडशे वर्षांनीही सगळं चोवीस वर्षांच्या, तीन रात्री न झोपलेल्या पोराच्या उजव्या पायावर सोडून दिलं आहे.

उरला पैशाचा प्रश्न, आणि खरा अडसर तोच. त्या ड्रायव्हरलाच मी नंतर विचारलं, असा ब्रेक आला तर घेशील का? त्याची गाडी आता स्वतःची आहे, हप्ता चालू आहे. तो म्हणाला, "काका, मला पाहिजेच. पण हप्त्यात नको. ज्याच्या गाडीत नाही तो दोनशे रुपये भाडं कमी सांगेल, आणि तुम्ही त्यालाच बोलवाल." मी उत्तर दिलं नाही, कारण तो बरोबर बोलत होता. ऐच्छिक ठेवलं तर नेमकं हेच होईल. जो सुरक्षेवर खर्च करेल तो बाजारात हरेल. हे आजचं नाही. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेचा ब्रेक १८६९ मध्ये आणला. त्याआधी आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं मालगाडीच्या छपरांवरून धावत जाऊन डब्याडब्याचा ब्रेक हाताने फिरवणारी माणसं पडून मरत होती. यंत्र होतं, पण मालगाड्यांना ते लावणं कंपन्यांना महाग वाटत होतं. १८९३ मध्ये कायद्याने सगळ्यांना एकाच वेळी बांधलं, तेव्हा ते घडलं. सक्ती म्हणजे गरिबावर ओझं, असं म्हणणाऱ्यांनी पाहावं की सगळ्यांना लागू असलेला नियमच त्या दोनशे रुपयांच्या स्पर्धेतून ड्रायव्हरला सोडवतो. खर्च कमी करायचे मार्ग सरकारच्या हातात आहेत. थर्ड पार्टीचा दर सरकारच ठरवतं, मग ब्रेक असलेल्या पिकअपला त्यात सूट द्यायला अडचण काय? मोठ्या संख्येने बसवलं की यंत्र स्वस्त होतं, आणि पिकअप तर हजारोंनी खपते. शिवाय हे यंत्र आपल्याला अपरिचित नाही. २०२४ मध्ये आलेल्या, नाशिकच्याच कारखान्यात बनणाऱ्या एक्सयूव्ही थ्री-एक्स-ओ या लहान मोटारीच्या वरच्या प्रकारांत ते आहे. जे मोटारीत बसतं ते पिकअपच्या तोंडाला बसवणं कारागिरीच्या बाहेरचं काम नाही. ट्रकला बसवायचं ठरवलंच आहे, तर पिकअपला का नको, हे उत्पादकांनी आणि मंत्रालयाने उघडपणे सांगावं.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला आणि त्याच महिन्यात मागच्या सीटच्या बेल्टचा इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा निघाला. ते योग्यच झालं. पण चांदवडच्या पुढे पहाटे कंटेनरखाली गेलेल्या पिकअपवाल्याची बातमी जिल्हा पानावर चार ओळींत येते, "चालकाचा डोळा लागल्याने" एवढं कारण लिहून. कारण तिथेच संपतं. त्याचा डोळा का लागला, आणि लागल्यावर गाडीत त्याला सावरणारं काही का नव्हतं, हे कुणी विचारत नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. ब्रेकच्या सक्तीच्या यादीत साडेतीन टनांखालची मालवाहू वाहनं घाला, ट्रकच्या मागून फार तर वर्षभराने. ब्रेक गाडी सुरू करताना दर वेळी आपोआप चालू व्हावा, गल्लीत बंद करता आला तरी हायवेवर पुन्हा लागावा. चाचणी पूर्ण भरलेल्या गाडीवर, रात्री, बिनदिव्याच्या उभ्या ट्रकवर घ्या, कारण आपला अपघात तसाच होतो. विम्यात सूट द्या. आणि बाजार समित्यांनी, वाहतूक संघटनांनी, आम्ही शेतकऱ्यांनी ही मागणी सह्या करून पाठवावी. सिंहस्थ २०२७ चा आहे, या रस्त्यांवरची गर्दी त्याआधीच वाढायला लागेल.

माझ्या सहीचं पत्र तयार आहे. यंदा टोमॅटो सुरू झाले की गाडीत पंचाहत्तर कॅरेटच्या वर भरायचे नाहीत, असं त्या पोराला मी सांगून ठेवलं आहे. भाड्याचा फरक माझ्याकडे.